अ‍ॅनालिटिक्स सॉफ्टवेअरचा युजर ग्रुप उभा करायचाय? मग हे आधी वाचा

तुम्ही पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक, लूकर असलं, डेटावरून रिपोर्ट आणि चार्ट बनवणारं काहीतरी रोज वापरता, आजूबाजूचे अजून पाचपन्नास जण तेच वापरतात, प्रत्येकजण आपापल्या स्क्रीनसमोर बसून त्याच त्याच अडचणीवर डोकं आपटतो, आणि एक दिवस तुमच्या मनात येतं की अरे, आपण सगळे एकत्र आलो, म्हणजे एक युजर ग्रुप काढला, तर किती वेळ वाचेल. इथपर्यंत खूप जण येतात. पुढे नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

मी असा ग्रुप दोनदा सुरू केला. पहिला चार महिन्यांत बंद पडला, दुसरा अजून चालू आहे. पहिल्या वेळी आम्ही दणक्यात सुरुवात केली, हॉल भरला, नवीन फीचर्सचं झकास प्रेझेंटेशन झालं, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या महिन्यात त्याच हॉलमध्ये सहा जण बसले होते, त्यातले तिघं आम्ही आयोजकच. मग मी न आलेल्यांना एकेकाला फोन केले. त्यातल्या एकीचं उत्तर अजून डोक्यात आहे, ती म्हणाली, "ताई, कार्यक्रम छानच होता, पण माझ्या रिपोर्टचं टोटल जुळत नव्हतं ना, ते विचारायला जागाच नव्हती कुठे." तिथे मला उजेड पडला. माणसं अडलेला रिपोर्ट घेऊन येतात, तो सुटला तर परत येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी दुसऱ्याचा रिपोर्ट सोडवायला बसतात. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच अनुभवावरून लावल्यात.

तसं हे काही आपणच शोधून काढलेलं नाही. आयबीएमचं 704 हे कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी 1955 मध्येच 'शेअर' नावाचा ग्रुप काढला होता, कारण प्रत्येकजण तेच तेच प्रोग्राम नव्याने लिहीत बसला होता. आणि आपल्या क्षेत्रातलं उदाहरण म्हणजे एसएएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर: कंपनी 1976 मध्ये रीतसर स्थापन झाली आणि तिच्या युजर्सची पहिली परिषद सुद्धा त्याच वर्षी भरली. म्हणजे युजर ग्रुप ही नंतर चिकटवायची शोभेची वस्तू नाही, सॉफ्टवेअरच्या बरोबरीनेच तो वाढत आलाय.

हाताशी काय काय लागेल

आधी ही यादी बघून घ्या, म्हणजे मधेच अडायला होणार नाही.

- गप्पा-प्रश्नांसाठी एकच जागा, जिथे जुनं बोलणं शोधता येतं. नुसता फोनवरचा मेसेजिंग ग्रुप असेल तर तिसऱ्या दिवशी उत्तर वाहून जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो.
- फाइल्स ठेवायला एक सामायिक फोल्डर, ग्रुपच्या नावाने काढलेल्या अकाउंटवर. तुमच्या वैयक्तिक किंवा ऑफिसच्या अकाउंटवर अजिबात नको.
- एक सराव डेटासेट (यावर खाली सविस्तर आहे).
- एक पानाचे नियम.
- ऑफिसच्या आतला ग्रुप असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि डेटा काय दाखवता येतो काय नाही यावर आयटी किंवा सिक्युरिटीवाल्यांचा एक मेल. तोंडी "हो हो करा" वर विसंबू नका.
- सदस्यांची यादी, आणि त्यांचं नाव-मेल ठेवायला त्यांनी दिलेली संमती.
- तुमच्याशिवाय किमान अजून एक माणूस. एकट्याने सुरू करू नका, प्लीज.

1. ग्रुप कुणासाठी आहे ते एका वाक्यात लिहा

"डेटाची आवड असणाऱ्या सगळ्यांसाठी" हे वाक्य चालत नाही. सगळ्यांसाठी म्हटलं की एकीकडे डेटा इंजिनिअर येतो, दुसरीकडे ज्याला फक्त एक्सेलमधला पिव्हट टेबल येतो तो येतो, आणि दोघांनाही पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. आमचं वाक्य होतं, "पॉवर बीआयमध्ये दर आठवड्याला स्वतः रिपोर्ट बनवणाऱ्यांसाठी." एवढ्याने काम झालं, कारण जो फक्त रिपोर्ट बघतो तो आपोआप बाहेर राहिला आणि जो बनवतो त्याला वाटलं की हे आपलंच आहे.

इथे एक फरक लवकर ठरवा: ग्रुप एकाच कंपनीच्या आतला आहे की खुला. आतला असेल तर खरा डेटा, खरे रिपोर्ट दाखवता येतात आणि गाडी पटकन पळते, पण माणसं आपल्याच साहेबासमोर "मला येत नाही" म्हणायला कचरतात. खुला असेल तर संकोच कमी, पण खरा डेटा दाखवता येत नाही. दोन्ही एकत्र करायला जाऊ नका.

2. पहिले दहा जण हाताने गोळा करा

पोस्टर नको, जाहिरात नको. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कुणीकुणी रिपोर्टबद्दल विचारलं ते मेल आणि चॅट उघडून बघा, ती तुमची पहिली यादी. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा, त्यात त्याच्या प्रश्नाचा उल्लेख करा. मी असं काहीतरी लिहिलं होतं: "तुम्ही मला मागे तारखांचा कॅलेंडर टेबल कसा जोडायचा विचारलं होतं, तसेच अडलेले अजून आठ जण आहेत, गुरुवारी चार वाजता तासभर एकत्र बसतोय, तुमचा सध्या अडलेला रिपोर्ट घेऊन या." दहापैकी आठ आले. सगळ्यांना एकच मेल टाकला असता तर दोन आले असते असं मला वाटतं.

या दहांत कमीत कमी दोघं अगदी नवखे असू द्या. सगळेच तयारीचे असले की बोलणं इतकं वरच्या पातळीवर जातं की पुढे येणारा नवीन माणूस पहिल्याच दिवशी घाबरतो. आणि बायका, नवीन नोकरीला लागलेली मुलं, वेगळ्या क्षेत्रातून आलेली माणसं यांनाही पहिल्या दहातच घ्या, नंतर "आता यांनाही बोलवूया" म्हणून ते होत नाही. आर या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात 2012 मध्ये आर-लेडीज हा ग्रुप वेगळा काढावा लागला आणि तो पुढे कितीतरी देशांत पसरला, यावरून कळतं की बऱ्याच जणींना आधीच्या जागांत आपलं वाटत नव्हतं.

3. सराव डेटासेट: इथे घाई करू नका

माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. प्रश्न विचारायचा तर डेटा दाखवावा लागतो, आणि खरा डेटा दाखवता येत नाही, मग माणूस गप्प बसतो. म्हणून ग्रुपचा एक सामायिक खोटा डेटा हवा, ज्यावर प्रत्येकजण आपली अडचण पुन्हा मांडून दाखवू शकतो.

तयार डेटा आहेत. टॅब्लोबरोबर सुपरस्टोअर येतो, मायक्रोसॉफ्टच्या जगात नॉर्थविंड, अ‍ॅडव्हेंचरवर्क्स, कॉन्टोसो आहेत. सुरुवातीला यातला एक घ्या, पण लवकरच स्वतःचा बनवा, कारण हे तयार डेटा फार स्वच्छ असतात आणि आपले खरे डेटा तसे कधीच नसतात. आमच्या डेटात आम्ही मुद्दाम घाण ठेवलीय: एकाच ग्राहकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, काही तारखा दिवस-महिना आणि काही महिना-दिवस अशा, रिकाम्या रकान्यांत कुठे शून्य कुठे डॅश, परत आलेल्या मालाचे उणे आकडे, आणि एक प्रॉडक्ट ज्याचा कोड मास्टर टेबलमध्ये (प्रॉडक्टच्या मूळ यादीत) नाहीच. या शेवटच्या एका ओळीवर आमच्या किमान तीन बैठका झाल्यात.

आता धोक्याचं, हे दोनदा वाचा.

पॉवर बीआयची पीबीआयएक्स फाइल इम्पोर्ट मोडमध्ये बनवलेली असेल तर सगळा डेटा त्या फाइलच्या पोटात असतो. तुमच्या पानावर फक्त एक बेरीज दिसत असली तरी फाइल उघडणाऱ्याला मागचे सगळे टेबल, सगळ्या ओळी बघता येतात. आणि "मी रो-लेव्हल सिक्युरिटी लावलीय" (म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसतील ते ठरवणारी सोय) म्हणून निर्धास्त राहू नका, ती डेस्कटॉपमध्ये फाइल उघडणाऱ्याला अडवत नाही, वर्कस्पेसमध्ये (ऑनलाइन सामायिक जागेत) एडिटचा अधिकार असणाऱ्यालाही अडवत नाही. टॅब्लोची टीडब्ल्यूबीएक्स फाइल तशीच, एक्सट्रॅक्ट, म्हणजे डेटाची प्रत, आत बांधून येतो. एक्सेलच्या पिव्हटमध्ये तर मूळ शीट उडवली तरी कॅशे, म्हणजे डेटाची लपलेली प्रत, राहिलेली असते, एका आकड्यावर डबल क्लिक केलं की त्यामागच्या ओळी नवीन शीटवर हजर.

आमच्याकडे एकाने अगदी सद्हेतूने, "हे व्हिज्युअल का बिघडतंय बघा ना" म्हणून अशी फाइल टाकली. त्यात त्याच्या ऑफिसातल्या लोकांचे पगार होते. पंचवीस जणांनी डाऊनलोड करायच्या आत आम्ही ती काढली, पण त्या बिचाऱ्याची ती रात्र कशी गेली असेल ते मला माहितीये, कारण मी त्याच्याशी फोनवर होते. तेव्हापासून आमचा नियम एकच: खऱ्या डेटाची फाइल ग्रुपवर येणार नाही, प्रश्न सराव डेटावर पुन्हा बनवायचा. आणि गंमत म्हणजे निम्म्या वेळा तो पुन्हा बनवता बनवताच उत्तर सापडतं.

पॉवर बीआयमधलं 'पब्लिश टू वेब' आणि टॅब्लो पब्लिक यांबद्दलही नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पहिल्याची लिंक ज्याच्याकडे असेल त्या कुणालाही रिपोर्ट दिसतो, लॉगिन लागत नाही. दुसऱ्याच्या नावातच पब्लिक आहे.

4. प्रश्न कसा विचारायचा हे शिकवा, उत्तर कसं द्यायचं हेही

"माझा डॅशबोर्ड चालत नाहीये, हेल्प" याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही, आणि उत्तर मिळालं नाही की विचारणारा दुखावतो. म्हणून एक छोटा साचा द्या आणि ग्रुपवर वरच चिकटवून ठेवा:

- कुठलं टूल, कुठलं व्हर्जन
- टेबल कुठले आणि ते एकमेकांना कसे जोडलेत (मॉडेलचा स्क्रीनशॉट, नावं झाकून)
- मला काय आकडा हवा होता
- काय आकडा येतोय
- आत्तापर्यंत काय करून बघितलं

"काय हवं" आणि "काय येतंय" या दोन ओळींत ऐंशी टक्के काम होतं असं म्हणा हवं तर.

एक उदाहरण घेऊया, कारण हा प्रश्न तुमच्याकडे येणारच, मी लिहून देते. समजा दोन शाखा आहेत. पहिल्या शाखेच्या 10 ऑर्डर, एकूण विक्री 1,000, सरासरी 100. दुसरीच्या 90 ऑर्डर, विक्री 27,000, सरासरी 300. टेबलच्या खाली टोटलमध्ये येतं 280. विचारणारा म्हणतो, 100 आणि 300 ची सरासरी तर 200 झाली, सॉफ्टवेअर चुकतंय. सॉफ्टवेअर चुकत नाहीये. टोटलची ओळ ही वरच्या ओळींची बेरीज किंवा सरासरी नसतेच, तिथे तेच सूत्र शाखेचा फिल्टर काढून पुन्हा चालतं: 28,000 भागिले 100 ऑर्डर, म्हणजे 280. तसंच ग्राहकांच्या मोजणीचं. जानेवारीत 500 वेगवेगळे ग्राहक, फेब्रुवारीत 500, आणि दोन महिन्यांचं टोटल 700, कारण 300 जण दोन्ही महिन्यांत आलेले.

हे एकदा डोक्यात बसलं की माणसाची उडी केवढी मोठी असते! मला फोनवर जिने टोटलचं सांगितलं होतं ना, तिचा घोळ हाच होता. तिला कागदावर दोन शाखा काढून दाखवल्या, ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे प्रत्येक चौकोनात ते नव्याने मोजतंय." बरोबर तेच. आज तीच बाई ग्रुपमध्ये टोटलचे सगळे प्रश्न घेते, मला हातसुद्धा लावू देत नाही.

उत्तर देणाऱ्यांसाठी माझ्या दोनच विनंत्या असतात. "हे गुगल केलंस का" असं लिहायचं नाही. आणि नुसतं सूत्र फेकून जायचं नाही, ते का चालतं याची एक ओळ लिहायची. हल्ली एआयकडून काढलेलं डॅक्सचं (पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेतलं) सूत्र जसंच्या तसं चिकटवायची सवय लागलीय, एआय वापरायला माझी हरकत नाही, पण आधी सराव डेटावर चालवून बघा आणि "चालवून बघितलं" असं लिहा. न चालवलेलं सूत्र नवख्या माणसाचा अख्खा दिवस खातं, कधीकधी तर ते चालतंही आणि आकडा चुकीचा देतं, ते जास्त वाईट.

प्रश्न सुटला की विचारणाऱ्याने शेवटी दोन ओळींत उत्तर लिहायचं, हाही नियम ठेवा. ते न लिहिता "झालं, थँक्स" म्हणून निघून जाणारे फार असतात, त्यांच्या मागे लागा, प्रेमाने लागा पण लागा.

5. पहिली बैठक

तासाची ठेवा. आमचा क्रम असा होता: पहिली दहा मिनिटं कुणीतरी आपला रिपोर्ट दाखवतो, चांगलाच असायला हवा असं नाही, मग चाळीस मिनिटं अडलेले प्रश्न, शेवटची दहा मिनिटं पुढच्या वेळी कोण काय आणणार. स्लाइड नाहीत. टूल उघडायचं आणि काम करायचं.

मोठा वक्ता बोलवायचा मोह होतो, पहिल्या तीन बैठकांत तरी आवरा. वक्ता आला की बाकीचे प्रेक्षक होतात, आणि एकदा प्रेक्षक झालेल्या माणसाला पुन्हा बोलतं करणं फार अवघड जातं.

स्क्रीन शेअर करण्याआधी मेल, चॅट बंद, नोटिफिकेशन बंद, आणि ब्राउझरचे बाकीचे टॅबही बंद. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा. आम्ही प्रश्नांचा भाग रेकॉर्ड करतच नाही, कारण लाल ठिपका दिसला की "मला एक अगदी बेसिक शंका आहे" हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

6. ताल धरा

महिन्यातला ठरावीक वार, ठरावीक वेळ. प्रत्येक वेळी सगळ्यांना विचारून तारीख ठरवायला गेलात तर निम्मी ताकद त्यातच जाते. तीन जण आले तरी बैठक घ्यायची. आमच्या एका बैठकीला खरंच तीन जण होते आणि त्या दिवशी मेनी-टू-मेनी रिलेशनशिप (दोन टेबलांतल्या अनेक ओळी एकमेकींच्या अनेक ओळींशी जोडलेल्या असणं) इतकी छान समजली की तिघंही आजपर्यंत टिकलेत.

दोन बैठकांच्या मधे ग्रुप झोपतो, त्याला जागं ठेवायला आठवड्याचा एक छोटा सराव द्या. टॅब्लोवाल्यांच्यात मेकओव्हर मंडे 2016 पासून गाजलं, एखादा आधीचा चार्ट आणि त्याचा डेटा देतात आणि तुम्ही तो सुधारून दाखवायचा. वर्कआउट वेनस्डे 2017 मध्ये आलं, त्यात तयार चार्ट देतात आणि तुम्ही हुबेहूब तसा बनवायचा, म्हणजे हात बसतो. आरवाल्यांचं टायडी ट्यूसडे 2018 पासूनचं. तिन्हींची खुबी एकच: विषय छोटा आणि वार ठरलेला. तुमच्या घाण डेटावर असंच काहीतरी द्या. फक्त प्रत्येक उत्तराला निदान एक तरी माणूस प्रतिक्रिया देईल याची जबाबदारी स्वतःवर घ्या, पहिल्यांदा बनवलेल्या चार्टवर शांतता पसरली तर तो माणूस दुसरा चार्ट टाकत नाही.

7. गप्प बसणाऱ्यांना गप्प बसू द्या

वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन ग्रुपांबद्दल 90-9-1 असा ढोबळ ठोकताळा मांडला होता: नव्वद जण नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक जण बहुतेक सगळं लिहितो. म्हणजे शंभरात दहा बोलले तर तुमचा ग्रुप मेलेला नाही. वाचणारे शिकत असतात. मला कधीच न बोललेल्या एका मुलाने दीड वर्षाने मेल केला की तुमच्या ग्रुपवरचं वाचून वाचून नोकरी बदलली.

मात्र तो जो एक आहे ना, सगळं लिहिणारा, त्याला सांभाळा. तो दमतो आणि सांगत नाही. आमच्याकडे आठवड्याची पाळी आहे, या आठवड्यात प्रश्नांकडे कोण बघणार हे ठरलेलं असतं, बाकीच्यांनी त्या आठवड्यात ग्रुप उघडला नाही तरी चालतं.

8. कंपनीशी नातं कसं ठेवायचं

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना युजर ग्रुप हवेच असतात. बऱ्याच कंपन्यांकडे अधिकृत युजर ग्रुपची योजना असते, नोंदणी केली की पान मिळतं, कधी वक्ता मिळतो, कधी टी-शर्ट-स्टिकर. मदत करणाऱ्यांचा मान ठेवायच्या योजनाही असतात, मायक्रोसॉफ्टची एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) ही पदवी 1993 पासून चालू आहे. हे सगळं घ्या, आनंदाने घ्या. पण आधी सहा महिने ग्रुप स्वतःच्या पायावर चालवा आणि मग नोंदणी करा.

तीन गोष्टी सोडू नका. सदस्यांची यादी कंपनीला किंवा प्रायोजकाला द्यायची नाही, ज्याला द्यायचाय तो स्वतःचा मेल स्वतः देईल. बैठकीत विक्रीचं भाषण नाही, वक्ता कंपनीचा असला तरी त्याने टूल उघडून काहीतरी करून दाखवायचं. आणि सॉफ्टवेअरमधला दोष ग्रुपवर मोकळेपणाने बोलता आला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपमध्ये प्रायोजक नाराज होईल म्हणून एका बिघडलेल्या अपडेटबद्दलचे मेसेज काढून टाकले, पुढच्या दोन महिन्यांत तिथले जाणकार एकेक करून गेले.

सल्लागार मंडळी पण येतात, त्यातली बरीच मनापासून मदत करतात. मदत करता करता काम मिळालं तर उत्तमच, पण प्रश्नाखाली "मला पर्सनलवर मेसेज करा" लिहिलं की ते उत्तर बाकीच्यांना कधीच दिसत नाही, म्हणून आमच्याकडे उत्तर सगळ्यांसमोरच द्यायचं असा नियम आहे.

9. जुन्या नोट्सवर तारीख आणि व्हर्जन टाका

छोटी पायरी आहे पण त्रास फार वाचवते. ही टूल्स भराभर बदलतात, पॉवर बीआय डेस्कटॉपची अपडेट तर जवळपास दर महिन्याला येते, आणि नावंही बदलतात. पॉवर बीआयमध्ये ज्याला वर्षानुवर्षं डेटासेट म्हणायचो त्याचं 2023 च्या शेवटी सिमँटिक मॉडेल झालं, गुगलच्या डेटा स्टुडिओचं 2022 मध्ये लूकर स्टुडिओ झालं. नवीन माणूस जुना व्हिडिओ बघतो, त्यात सांगितलेलं बटण शोधतो, सापडत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. प्रत्येक नोटच्या वर "अमुक महिना, अमुक व्हर्जन" एवढं लिहा, आणि वर्षातून एकदा बसून शिळं काढून टाका.

नवख्यांसाठी अजून दोन ओळी कुठेतरी ठळक लिहून ठेवा: पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं, आणि पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसवर साइनअप करायला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. या दोन गोष्टींत किती जणांचा पहिला शनिवार वाया गेलाय ते मी मोजायचं सोडून दिलंय.

10. मोजा, पण नीट मोजा

आपण सगळे आकड्यांची माणसं, त्यामुळे ग्रुपचाही डॅशबोर्ड बनवायची खाज असते, बनवाच. फक्त सदस्यसंख्या वर मोठ्या अक्षरात लावू नका, ती कधी कमी होत नाही म्हणून ती काही सांगतही नाही. मी चार आकडे बघते: प्रश्नाला पहिलं उत्तर यायला किती तास लागले (सरासरी नको, मीडियन म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा घ्या, एखादा तीन आठवडे पडून राहिलेला प्रश्न सरासरीची वाट लावतो), किती प्रश्न उत्तराविना राहिले, पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले, आणि या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उत्तर कुणी दिलं. हा चौथा आकडा माझा लाडका आहे. महिन्याला दोन जण जरी असे निघाले तरी मी निश्चिंत असते.

11. किल्ल्या एकाकडे ठेवू नका

मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची पास ही मोठी संघटना 1999 मध्ये सुरू झाली, हजारो लोक तिच्यामुळे शिकले, आणि जानेवारी 2021 मध्ये तिचं काम थांबलं. तिच्या छत्राखालच्या छोट्या छोट्या ग्रुपांना नवीन घर शोधावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं होऊ शकतं तर आपलंही होऊ शकतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा कारण फारच साधं असतं, चालवणारा माणूस नोकरी बदलतो.

आमचा पहिला ग्रुप बंद पडला तेव्हा फोल्डर एका सहकाऱ्याच्या ऑफिस अकाउंटवर होतं. तो नोकरी सोडून गेला, अकाउंट बंद झालं, आणि चार महिन्यांच्या नोट्स, पहिला सराव डेटा, सगळं त्याबरोबर गेलं. त्याची काही चूक नव्हती, आम्ही कुणी विचारच केला नव्हता.

म्हणून हे आजच करा: ग्रुपच्या अकाउंटला दोन अ‍ॅडमिन, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांतले किंवा निदान वेगवेगळ्या टीममधले. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, दोघांना उघडता येईल असा. टू-फॅक्टरचा (लॉगिनला पासवर्डनंतर लागणारा दुसरा) कोड एकाच फोनवर येत असेल तर बॅकअप कोड काढून दुसऱ्याकडे द्या. सदस्यांची यादी आणि सराव डेटा यांची एक प्रत तीन महिन्यांतून एकदा दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि वर्षातून एक बैठक अशी घ्या जिला तुम्ही जायचंच नाही. मी पहिल्यांदा नाही गेले तेव्हा संध्याकाळभर फोन हातात धरून बसले होते, कुणाचा काही फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर बघितलं तर सात प्रश्न होते आणि सातही सुटलेले, खाली दोन-दोन ओळींत उत्तरं लिहिलेली.